गुणवत्ता यादी आणि कबड्डीचा संघ

अभ्यासात नाव मिळविलेल्या संस्थेने खेळात मागेच राहावे, असा काही नियम आहे काय? लातूर पॅटर्नने साऱ्या महाराष्ट्राला गुणवत्ता यादीचे वेड लावले. आमच्या धर्माबादेतूनही बारावीसाठी मुले तिकडे धावतात. पण तिकडे गेलेल्या मुलाचे खेळाचे बूट पहिल्याच महिन्यात खाटेखाली जातात. आणि जो मैदानावरच राहिला, त्याचे वर्गात काय काम, असे आपण खुशाल म्हणतो.

हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल (आपला नव्हे, अंडाकृती चेंडूचा) म्हणजे अफाट पैशाचा खेळ. शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरने १९३५ साली पहिली हाइसमन ट्रॉफी पटकावली. पुढे चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, तेथील अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी विद्यापीठाचा संघच मोडीत काढला! १९६९ साली तो परत आला, पण पूर्वीच्या दिग्गजांच्या पंक्तीला बसला नाही. स्टॅनफर्ड मात्र प्रवेशाची चाळणी बारीक ठेवूनही मोठ्या संघांशी झुंजत आले आहे. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्याने ती झुंज आणखी कठीण झाली. हचिन्स यांचा कणखरपणा मला आवडतो, निर्णय पटत नाही. बिघाड पैशाने केला होता आणि शिक्षा खेळाला झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्यापेक्षा कोल्हापूरकडे पाहावे. ज्या राजाराम महाविद्यालयात गोपाळ कृष्ण गोखले शिकले, तेथेच खाशाबा जाधवही शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामुळे राजारामच्या विद्येला काही उणेपणा आला नाही.

प्राध्यापकांनी घरे गहाण ठेवावीत, असे मी म्हणत नाही. (तेवढी आमची कामगिरीही नाही!) खेळाडूची खोटी हजेरी लावण्याचा उपकारही कोणी करू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत खऱ्या, पण तेथेही पदवी आणि परीक्षा चुकत नाही. कोऱ्या डोक्याने तेथे जाऊन काय करायचे? आमच्यातली काही मुले सकाळी मैदानावर, दुपारी वर्गात आणि हंगामात मिरचीच्या आडतीवर राबतात. स्पर्धेमुळे त्यांचे जे तास बुडतात, ते जादा तास घेऊन भरून द्यावेत. स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या, तर त्यांचा पेपर मागाहून घ्यावा, मात्र तितकाच कठीण. जिमखान्याचे आणि परीक्षेचे वेळापत्रक जूनमध्येच एका टेबलावर ठेवून आखले, तर निम्मी भांडणे तेथेच मिटतील. येत्या जूनमध्ये हे काम कोण अंगावर घेणार, एवढेच मला प्राध्यापक मंडळींना विचारायचे आहे.