दोष भागाचा कीं जोडाचा?

मोटारगाडीच्या यंत्राविषयीं आम्हीं लेखणी उचलावी, हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. आमचा जन्म गेला शब्दरूपें आणि संधिनियम शिकविण्यांत. इंजिनाशीं आमचा संबंध काय तो एस्टीच्या पुढल्या बाकावर बसण्यापुरता. परंतु गेल्या महिन्यांत एक अशी हकीकत आमच्या कानीं आली कीं, ती यंत्राची असली तरी तिच्यांतील बोध घरोघर उपयोगी पडावा. म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा एक जुना विद्यार्थी गेलीं बारा वर्षें जर्मनींत स्टुटगार्टच्या आसपास सहकुटुंब राहतो. धंद्यानें तो इमारतींचा अभियंता आहे. मोटारींचें त्यास केवळ वेड. तीन वर्षांपूर्वीं त्यानें पोर्शे ९४४ या जातीची एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ही जात १९८२ सालीं बाजारांत आली आणि १९९१ पर्यंत तयार होत होती. पुढें चार सिलिंडरांचें अडीच लिटरांचें इंजिन आणि गिअरपेटी मात्र मागील चाकांपाशीं, अशी तिची मांडणी आहे. त्यामुळें गाडीचा भार पुढेंमागें जवळजवळ सारखा वांटला जातो आणि वळणावर ती मोठ्या डौलानें वळते. विद्यार्थ्याची गाडी १९८६ सालची. माणसाच्या हिशेबानें प्रौढ, मोटारीच्या हिशेबानें वृद्धच म्हणावयाची.

गेल्या उन्हाळ्यांत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन तो चालला असतां भर हमरस्त्यावर इंजिन एकाएकीं बंद पडलें. ना धूर, ना आवाज. इंजिन थांबलें म्हणजे ब्रेकास मिळणारें निर्वाताचें साहाय्य पेडल एकदोनदां दाबतांच संपतें, आणि तेथील रस्त्यावर मागून येणाऱ्या गाड्यांचा वेग आपण जाणतोंच. दैव बरें, म्हणून तो कसाबसा कडेला पोंचला. अर्ध्या तासानें इंजिन निवालें आणि जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें सुरू झालें. महिन्यांत हा प्रकार तीन वेळां झाला. तिसऱ्या वेळीं पत्नीनें सांगितलें, "तुम्हांला जावयाचें असेल तर जा. मुलीला घेऊन मी या गाडींत पुन्हां पाऊल ठेवणार नाहीं." तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें.

गाडी एका गॅरेजांत दिली. तेथें प्रथम इंजिनाचे दोन सेन्सर बदलले. गुण आला नाहीं. मग इंजिनाचा संगणक दुसरा लावून पाहिला. तरीहि गुण नाहीं. खर्च मात्र गाडीच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला.

हे सेन्सर काय करतात तें कळल्यावांचून पुढील गोष्ट कळणार नाहीं. इंजिनाच्या मागील अंगास एक जड चाक फिरत असतें. त्याच्या कडेला १३२ दांते असतात. पहिला सेन्सर या दांत्यांच्या अगदीं निकट बसविलेला असतो. त्यांत एक लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. दांता समोरून गेला कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें आणि वेटोळ्यांत विजेचा अल्पसा झटका उत्पन्न होतो. हें तत्त्व मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें. गाडी उभी असून इंजिन नुसतें मिनिटास ९०० फेरे घेत असलें, तरी या सेन्सरापुढून सेकंदास १,९८० दांते जातात! दुसरा सेन्सर दांते मोजीत नाहीं. चाकावर एकच खूण बसविलेली असते. ती समोरून गेली कीं, म्हणजे एका फेऱ्यास एकदांच, तो निरोप देतो. जपमाळेची उपमा द्यावयाची तर पहिला मणी मोजतो आणि दुसरा मेरुमणि ओळखतो. माळ किती वेगानें फिरत आहे आणि आपण माळेंत कोठें आहों, हें या निरोपांवरून जाणूनच संगणक पेट्रोल सोडतो आणि ठिणगी पाडतो. निरोप तुटले कीं संगणक आंधळा होतो आणि इंजिन उभें राहतें.

आतां सेन्सरापासून संगणकापर्यंत एकच अखंड तार नसते. मध्यें एक जोड असतो. सेन्सराकडून आलेल्या तारांचें एक टोंक, संगणकाकडून आलेल्या तारांचें दुसरें टोंक, आणि दोहोंच्या प्लॅस्टिकच्या डब्या एकमेकींत घट्ट बसविलेल्या. आपल्याकडील गॅरेजांत यास कपलर म्हणतात. या गाडींत दोन्ही सेन्सरांचे कपलर इंजिनाच्या मागल्या टोंकास, पत्र्याच्या भिंतीजवळ असतात. तेथें वारा थोडा आणि उष्णता फार. जवळजवळ चाळीस वर्षें तापणें आणि निवणें, तेलाची वाफ, इंजिनाची अखंड थरथर, यांमुळें प्लॅस्टिक बिस्किटासारखें ठिसूळ होतें आणि रबराच्या टोप्या चिरतात. आंतील धातूच्या टोंकांवर कथिलाचा मुलामा असतो. तीं टोंकें सूक्ष्म घर्षणानें झिजतात आणि त्यांवर कथिलाच्या भस्माचा पातळ थर जमतो. तो थर वीज नीट वाहूं देत नाहीं. इंजिन गार असतांना संपर्क कसाबसा टिकतो. तापलें कीं सुटतो. यांत कारखान्याकडे बोट दाखवावयास नको. चाळीस वर्षांचा हिशेब धरून कोणी मोटार बनवीत नाहीं.

मग सेन्सर नवे घालूनहि गुण कां आला नाहीं? कारण नव्या सेन्सराबरोबर जोडाचें एक अंग नवें आलें. दुसरें अंग, जें संगणकाकडील तारांस असतें, तें जुनेंच राहिलें. एका झिजलेल्या हातांत नवा हात दिला, एवढेंच झालें.

शेवटीं एके रविवारीं विद्यार्थ्यानें गाडी अंगणांत उभी करून इंजिन चांगलें तापूं दिलें, आणि तें चालू असतांना पट्टे व पंखा यांपासून दूर राहून एक कपलर हलक्या हातानें हलविला. इंजिन आचका देऊन थांबलें. पुन्हां सुरू केलें, पुन्हां हलविला, पुन्हां थांबलें. दोष सांपडला! इंजिन निवाल्यावर तो जोड उघडूं गेला, तों डबीचा तुकडाच त्याच्या हातांत आला. दुसऱ्या कपलराची अवस्थाहि तीच. मग त्यानें दोन्ही बदलण्याचें ठरविलें.

ही बदलण्याची रीत आम्हीं त्यास सविस्तर विचारून घेतली. ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांस ती उपयोगी पडेल. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. कपलर उघडतांना तारेस धरून ओढूं नये. अडकवण सोडवून डबीसच धरावें. नवी डबी, आंतील धातूचीं टोंकें आणि रबराच्या टोप्या त्याच मापाच्या आणाव्या. तिन्ही तारा एकदम कापूं नयेत. एक कापावी, ती नव्या डबींत तिच्या जागीं बसवावी, मग दुसरीस हात लावावा. म्हणजे क्रम चुकत नाहीं. रबराची टोपी तारेवर आधीं ओंवावी, धातूचें टोंक मागाहून बसवावें. उलट केल्यास टोपी पुन्हां शिरत नाहीं. हें टोंक त्यासाठींच केलेल्या चिमट्यानें दाबून बसवावें. डाख देऊन बसविल्यास कथील तारेंत शिरतें, तार तेथें ताठ होते आणि थरथरीनें नेमकी त्याच जागीं तुटते.

तीन तारांपैकीं दोन निरोपाच्या. तिसरी त्यांच्याभोंवतीं गुंडाळलेल्या जाळीची. ठिणगीच्या विजेच्या गडबडीपासून निरोपाचें रक्षण करणें हें तिचें काम. तिला त्या दोघींचा स्पर्श होऊं देऊं नये. तिचें सोवळें फार कडक आहे. शेवटीं प्रत्येक तार हळूच ओढून पाहावी आणि मीटर लावून खात्री करावी. या गाडीच्या सेन्सराच्या दोन तारांमधील रोध सुमारें ६०० ते १,६०० ओहम असावा, आणि त्यांपैकीं कोणतीहि तार व जाळी यांमधील रोध १,००,००० ओहमांहून अधिक असावा.

हें सारें यथासांग झालें. रोध बरोबर, तारा घट्ट. बॅटरी जोडली, किल्ली फिरविली, आणि इंजिन सुरूच होईना. पूर्वीं निदान गार असतांना तरी चालत असे. आतां तेंहि नाहीं. तीन तास खटपट करून रात्रीं त्यानें आम्हांस फोन केला. आवाज अगदीं पडलेला. "गुरुजी, आतां हात टेकले. गाडी विकून टाकतों. घरांत तसें सांगूनहि झालें."

आम्हांस यंत्र कळत नाहीं. पण पस्तीस वर्षें आम्हीं मुलांचे पाठ ऐकले आहेत. पाठ अडला म्हणजे आम्ही एवढेंच विचारीत असूं कीं, शेवटचें बरोबर कोठें होतें, आणि त्यानंतर काय बदललें. तोच प्रश्न आम्हीं त्यास केला.

"दोन्ही कपलर बदलले, गुरुजी. दुसऱ्या कशास हात लावला नाहीं."

"दोन्ही दिसावयास सारखे आहेत काय रे?"

"अगदीं जुळे."

"मग कोणता कोणाचा, हें पुन्हां जोडतांना तूं कशावरून ओळखलेंस?"

पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मी पांच मिनिटांनीं फोन करतों."

पांच मिनिटें लागलीं नाहींत. तिसऱ्याच मिनिटास फोन आला, आणि त्याच्या बोलण्याआधीं इंजिनाचाच आवाज ऐकूं आला. मणी मोजणाऱ्याची तार मेरुमणि ओळखणाऱ्याच्या जागीं लागली होती! या गाडीचे जाणकार नवशिक्यास ही सूचना आधींच देत असतात कीं, दोन्ही कपलर उघडण्यापूर्वीं त्यांवर खूण करावी. ते एकमेकांच्या जागीं बिनतक्रार बसतात आणि इंजिन मात्र सुरू होत नाहीं. तेच जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. ही गाडी सुरू होईनाशी झाली तर महाग संगणकाकडे वळण्यापूर्वीं त्यास वीज पुरविणारा लहानसा रिले उघडून पाहावा. पुष्कळदां त्याच्या आंतील डाखाचे सांधे तडकलेले आढळतात. तेथेंहि भाग धड असतो आणि सांधा गेलेला असतो.

आम्हांस यांत नवल वाटलें नाहीं. संधि हा शब्द आपण व्याकरणांत दोन वर्णांच्या मेळास, वैद्यकांत हाडांच्या सांध्यास आणि राजनीतींत दोन राजांच्या तहास लावतों. सुश्रुतानें शरीरांतील असे संधि २१० सांगितले आहेत. तिन्ही ठिकाणीं अनुभव एकच कीं, जेथें दोन वस्तू एकत्र येतात तेथें झीज प्रथम होते. आणि दोष मात्र आपण त्या वस्तूंस देतों, कारण वस्तू डोळ्यांस दिसते आणि जोड दिसत नाहीं.

चारसहा माणसांच्या घरांत याहून निराळें काय असतें? मुलगा पूर्वींसारखा बोलत नाहीं, सून मनांतलें सांगत नाहीं, भाऊ पत्राचें उत्तर देत नाहीं. आपण म्हणतों, माणूस बदललें. बहुधा माणूस होतें तेंच असतें. निरोप पोंचविणारा जोड रोजच्या उष्म्यानें आणि थरथरीनें झिजलेला असतो. तेव्हां माणसास बोल लावण्यापूर्वीं जोड हलक्या हातानें हलवून पाहावा. आणि तो नवा करावयाचा तर दोन्ही अंगांनीं करावा. समोरच्यानें आपलें अंग बदलावें आणि आम्हीं आमचें जुनेंच ठेवावें, हा उपाय त्या गॅरेजवाल्याच्या उपायासारखाच महाग पडतो आणि गुण येत नाहीं. हें लिहितांना आम्ही स्वतःस वगळीत नाहीं.

गाडी विकली नाहीं. पुढें दोन महिने विद्यार्थ्यानें ती एकट्यानेंच चालविली, मुद्दाम दूरवर आणि भर दुपारीं. ती एकदांहि थांबली नाहीं, तेव्हां मायलेकी पुन्हां तींत बसल्या. मागील चिमुकल्या आसनावर बसलेल्या मुलीचें छायाचित्र त्यानें आम्हांस पाठविलें, आणि त्याबरोबर इंजिनाचेंहि एक. दोन नव्या कपलरांस पत्र्याच्या दोन चिठ्ठ्या तारेनें बांधल्या आहेत. एकीवर "मणी" आणि दुसरीवर "मेरु" असें देवनागरींत कोरलें आहे. पुढें कोणा जर्मन कारागिराच्या हातीं ही गाडी गेली तर तो बुचकळ्यांत पडेल, असें आम्हीं त्यास लिहिलें. त्यावर त्याचें उत्तर आलें कीं, चिठ्ठीच्या पाठीवर जर्मन भाषेंतहि लिहून ठेवलें आहे.