आधी ब्रेक, मग घंटा!

काय दोस्तांनो, सुट्टीत सायकल काढणार ना? मग माझी फजिती ऐका. पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात मी ब्रेक सतत आवळून धरला. एका वळणावर सायकल थांबेचना! रबरं पार झिजलेली. पाय घासत कशीबशी डोंगराच्या कडेला थांबवली. छातीत नुसती धडधड! उरलेला घाट मुकाट्याने चालत उतरलो.

वाईत नवी रबरं बसवली नि कृष्णाकाठी मेणवली गाठली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाटावर भलीमोठी घंटा! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ती चर्चची घंटा, असं सांगतात.

उतारावर ब्रेक थोडा दाबा, थोडा सोडा. आणि निघण्याआधी रबरं बघाच!