गिरडचे खडे आणि गोदामाचा पाया

वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर गोलसर खडे सापडतात. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळादी माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. आपल्या वाचकांना ती जरा बोचेल! भूशास्त्र सांगते की, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या व त्यांत पुढे झिओलाइट साचले. असा खडक भरीव काळ्या पाषाणाहून दुर्बळ असतो. त्यावरची काळी माती तर अधिकच फसवी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणूनच स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भूशास्त्र शिकवितात. मुलामुलींनी ते केवळ गुणांपुरते वाचू नये. पाया काळ्या मातीखालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो. तो किती खोल, हे शेजारच्या गोदामावरून ठरत नाही. आपल्याच भूखंडात खणून पाहावे लागते.