देशाची पत आणि जातीचा हिशेब

एखादे राष्ट्र कर्जरोखे विक्रीस काढते, तेव्हा त्याची तिजोरी कशी आहे आणि मुद्दल वेळेवर परत मिळेल की नाही, एवढेच गुंतवणूकदार पूर्वी पाहत असे. आता त्याच्या तपासणीत पर्यावरण, समाजस्थिती आणि राज्यकारभार या तीन बाबींची भर पडली आहे. जागतिक बँकेने २०१९ साली याच हेतूने देशोदेशींची आकडेवारी एकत्र खुली केली. परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्यातील अनेकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसाही अशा रोख्यांत गुंतलेला असतो. म्हणून हा विषय केवळ पेढीवाल्यांचा नाही. तो आंबेडकरी चळवळीचाही आहे.

समाजस्थितीवर राष्ट्राची पत अवलंबून असते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसून आले. १९८५ च्या जुलैमध्ये तेथील वर्णद्वेषी राजवटीने आणीबाणी पुकारली. त्याच महिन्याच्या अखेरीस चेस मॅनहॅटन या अमेरिकन बँकेने अल्पमुदतीच्या कर्जांची मुदत वाढवून देण्यास नकार दिला. इतर बँकांनी तिचे अनुकरण केले आणि सप्टेंबरमध्ये त्या सरकारला परदेशी कर्जाची परतफेड स्थगित करावी लागली. सोन्याच्या खाणी तेव्हाही जागच्या जागी होत्या. बहुसंख्य प्रजेला माणूस न मानणाऱ्या व्यवस्थेवरचा विश्वास तेवढा उडाला होता.

मग जातीचे काय? जून २०२४ पासून भारताचे सरकारी रोखे जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकात समाविष्ट होऊ लागले आणि जगभरच्या बचतीला भारताची वाट मोकळी झाली. परंतु देशादेशांची तुलना करणारी मोजमापे बहुतांशी राष्ट्रीय सरासरीवर चालतात. गावकुसाबाहेरचे दुःख त्या सरासरीत विरघळून जाते. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींहून अधिक होती. त्यांच्यावरील अत्याचारांचे ५७ हजारांहून अधिक गुन्हे २०२२ या एकाच वर्षी शासनाच्याच दप्तरी नोंदले गेले. कायद्याचे राज्य मोजताना हा आकडा बाजूला कसा ठेवता येईल?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. गुण घटले तर व्याज वाढेल आणि वाढत्या व्याजाची पहिली कात्री शिष्यवृत्ती व वसतिगृहे यांवरच चालेल. शिवाय अशा गुणांकनात श्रीमंत राष्ट्रे मुळात श्रीमंत असल्यामुळेच वरचढ ठरतात, हे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनीच दाखवून दिले आहे. म्हणूनच गुण कापून मायदेशाला दंड करावा, अशी आपली मागणी असू नये. जात मोजा आणि तिच्याविषयी प्रश्न विचारा, ही आपली मागणी असावी. जानेवारी २०२३ मध्ये भारताने प्रथमच हरित रोखे काढले, तेव्हा तो पैसा कोणत्या कामी लागेल याचा आराखडा आधी जाहीर करावा लागला. झाडे, वारा आणि सूर्यप्रकाश यांच्या नावाने घेतलेल्या पैशाचा असा हिशेब मागता येतो, तर अनुसूचित जातींसाठी राखलेला निधी त्यांच्यापर्यंत पोहोचला काय, हे का विचारता येऊ नये? पुढील जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्यामुळे आकडेच नाहीत ही सबब फार काळ टिकणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नाचा विचार केला, तेव्हा त्यांची दृष्टी विनिमयाच्या दरापाशी थांबली नाही. देशातील सामान्य माणसाच्या हातातील रुपयाचे मोल त्यांनी महत्त्वाचे मानले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, सामाजिक विषमता टिकली तर राजकीय लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असा इशारा त्यांनी घटना समितीला दिला. राष्ट्राच्या जोखमीचे याहून नेमके निदान कोणत्या पतमापन संस्थेने केले आहे? आपण ज्या निधीत वर्गणी भरतो, त्याच्या विश्वस्तांना पत्र लिहून हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो आपण बजावला पाहिजे.

जय भीम!