विश्लेषण : आधी माहिती खुली, शोधनिबंध नंतर… पार्दिस साबेती यांच्या कामाचे महत्त्व काय?

साथ पसरू लागली की विषाणूचा जनुकक्रम ज्याच्या हाती, त्याच्या हाती मोठे शस्त्र असते. ते कपाटात ठेवायचे की जगाला द्यायचे, या प्रश्नाला पार्दिस साबेती यांनी २०१४ मध्ये कृतीने उत्तर दिले.

कोण आहेत साबेती?

जन्म १९७५ चा, तेहरानमधला. इराणमधील क्रांतीच्या सुमारास कुटुंब अमेरिकेत, फ्लोरिडात स्थायिक झाले. एमआयटी, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग हार्वर्डची वैद्यकीय पदवी. आता हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये त्या संगणकाच्या मदतीने जनुके वाचतात. फावल्या वेळात (तो कुठून मिळतो कोण जाणे!) ‘थाउजंड डेज’ या रॉक बँडमध्ये गातात.

संगणकाने काय शोधले?

पत्त्यांचा नवा कॅट अनेकदा पिसला की क्रम मोडतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जनुकांचेही तसेच होते. पण पिसूनही पत्त्यांची एखादी लांब रांग जशीच्या तशी अनेकांच्या हाती सापडली तर? म्हणजे त्या रांगेतले काहीतरी उपयोगी ठरले आणि अलीकडेच झपाट्याने पसरले. हे हेरण्याची पद्धत साबेती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. मलेरियापासून संरक्षणाशी संबंधित जनुकांवर तिचा कस लागला.

२०१४ मध्ये काय घडले?

मे महिन्याच्या अखेरीस सिएरा लिओनमधील केनेमाच्या सरकारी रुग्णालयात इबोलाचा रुग्ण आढळला. तिथल्या लासा ताप कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. शेख हुमर खान यांच्याबरोबर साबेतींचा गट आधीपासून काम करत होता. ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे ९९ जनुकक्रम वाचले गेले. त्यातून दिसले, की विषाणू प्राण्यांतून पुन:पुन्हा येत नव्हता, तर माणसातून माणसात जात होता. म्हणजे भर जंगली प्राण्यांच्या मांसापेक्षा रुग्णांच्या संपर्कातील व्यक्ती शोधण्यावर आणि अंत्यविधींवर द्यायला हवा होता.

हे जनुकक्रम शोधनिबंधाची वाट न पाहता जूनमध्येच, हाती येतील तसे, सर्वांसाठी खुले करण्यात आले. ‘प्रसिद्ध करा नाहीतर संपा’ हा जिथला नियम, तिथे हे धाडसच. कुणी तीच माहिती वापरून आधी शोधनिबंध छापला असता, तर वर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावावर गेली असती. २८ ऑगस्टला ‘सायन्स’मध्ये निबंध आला, तोवर त्याच्या पाच सहलेखकांचा इबोलानेच बळी घेतला होता. डॉ. खान यांचे निधन २९ जुलैला झाले.

श्रेय कोणाचे?

इथे एक गोष्ट खटकते. मरण केनेमात आले, मुलाखती मात्र बोस्टनच्या झाल्या. साबेतींनाही ही विषमता ठाऊक असावी, कारण पुढे त्यांचा भर आफ्रिकेतच प्रयोगशाळा उभ्या करण्यावर राहिला. नायजेरियातील एडे येथे क्रिस्टियन हॅपी यांच्या केंद्राशी त्यांचे जुने सहकार्य आहे. आफ्रिकेतील पहिला कोविड जनुकक्रम मार्च २०२० मध्ये नायजेरियातून जाहीर झाला, त्यात या केंद्राचा वाटा होता. २०१५ च्या भीषण वाहन अपघातानंतर साबेतींना दीर्घ उपचार घ्यावे लागले, तरी हे काम थांबले नाही.

महाराष्ट्राशी संबंध काय?

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले, की राज्यातील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेल्या विषाणूचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढले आहे. तेव्हा दुसरी लाट दारात नव्हती, घरात होती. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असलेल्या राज्यात प्रयोगशाळेची उणीव नव्हती. जनुकक्रम हाती येताच तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचेल, अशी व्यवस्था मात्र हवी होती. पुढच्या साथीआधी ती व्हायला हवी.