डोळे बटबटीत दिसतात, एवढेच नव्हे!

परवा पन्नाशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. थायरॉईडचा विकार दोन वर्षांपासूनचा. गोळ्या चालू, रक्ताचा रिपोर्ट चांगला. डोळे लालसर, पापण्या सुजलेल्या. पण डोळे फारसे बाहेर आलेले नव्हते. म्हणाले, "डॉक्टर, महिनाभरापासून सगळं फिकट दिसतंय. चष्म्याचा नंबर बदलला असेल." नंबर तोच होता. मात्र लाल रंग त्यांना विटकरी दिसत होता. डोळ्यामागची नस दबू लागली होती.

ग्रंथीची सूज आणि बटबटीत डोळे यांचे नाते आयरिश डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये नोंदवले. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते, आणि काहींच्या डोळ्यामागील स्नायूंवर व चरबीवरही. ते सुजतात. डोळ्याची खोबण हाडाची. ती फुगत नाही. मग डोळा पुढे ढकलला जातो. आपण तो रूपाचा प्रश्न समजतो. घरात लग्नाची मुलगी असेल तरच काळजी!

खरा धोका आत आहे. खोबणीचे मागचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते असते. तिथे सुजलेल्या स्नायूंची दाटी झाली की दृष्टीची मुख्य नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, दाबली जाते. रक्त परत नेणाऱ्या शिरांचीही कोंडी होते. गंमत अशी की डोळा पुढे आला तर आतला दाब थोडा हलका होतो. ज्याचा डोळा पुढे सरकत नाही, त्याची नस जास्त दबू शकते. म्हणून डोळा किती बाहेर आला यावरून धोका मोजू नये.

दृष्टिपटलातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे चित्र आता ओसीटी अँजिओग्राफीने, शिरेत औषध न टोचता घेता येते. नस दबलेल्या रुग्णांत हे जाळे विरळ झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. पण गावात हे यंत्र नाही म्हणून अडत नाही. उलट सुरुवातीला डोळ्याचा पडदा अगदी निर्दोष दिसू शकतो. अशा वेळी दृष्टीचा तक्ता, रंगांची पुस्तिका आणि बाहुलीवर टॉर्चचा प्रकाश या साध्या तपासण्याच चोर पकडतात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ग्रेव्ह्ज विकाराच्या प्रत्येक रुग्णाची नेत्रतपासणी सुरुवातीलाच व्हावी. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ती चिठ्ठी द्यावी. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे डोळे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

वाचकहो, घरी एवढे करा. एक डोळा झाकून लाल वस्तू, कुंकवाचा करंडा म्हणा, पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने. रंगात फरक वाटला, नजर धूसर झाली किंवा डोळा मिटेनासा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. शिरेतून स्टिरॉइड देऊन, आणि त्याने भागले नाही तर खोबणीच्या हाडाची भिंत काढून, नस मोकळी करता येते. उशीर मात्र महागात पडतो. आणि विडी-सिगारेट आजच सोडा. धूम्रपानाने हा नेत्रविकार बळावतो आणि उपचारांचा गुणही कमी येतो.

त्या गृहस्थांच्या खिशातही विडीचे बंडल होतेच. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. उपचाराची सुरुवात तिथूनच झाली.