मावशीची गंमतशाळा : एक हट्टी हरभरा

बालमित्रांनो,

ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं शेंडेफळ आहे, त्यांनी आज जरा कान टवकारून बसा. “बाळा, मी पोळ्या लाटते, तोवर हिला जरा सांभाळ हं!” हे वाक्य तुमच्या कानांवर रोज पडत असणार. पण सांभाळायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आज त्याचीच गोष्ट सांगते. तिच्यात एक फजिती आहे, थोडी भीती आहे आणि शेवटी मस्त उसळही आहे.

आमच्या बिबवेवाडीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर सातवीतला एक मुलगा राहतो. त्याला आपण ‘दादा’च म्हणू, कारण त्याची साडेतीन वर्षांची बहीण त्याला तशीच हाक मारते. आणि तिला म्हणू छकुली. गुलटेकडीचं मार्केट यार्ड आमच्यापासून जवळच. तिथल्या भुसार बाजारातून दादाचे बाबा महिन्याचं कडधान्य भरतात. त्या दिवशी पिशव्या घरात आल्या. हरभरे, मूग, मटकी, चवळी, वाल. बाबा पुन्हा बाहेर गेले, आई ओट्यापाशी आणि आजी देवापुढे. छकुली दादाच्या गळ्यात.

दादाने शक्कल लढवली. मोठी परात घेतली, तिच्यात हरभरे ओतले, वर दोन वाट्या आणि एक पळी ठेवली. छकुली हरखूनच गेली! मुठी भरायच्या, सोडायच्या, पळीने या वाटीतून त्या वाटीत ओतायचं. खळ्ळ् खळ्ळ् आवाज, बोटांना गारगार स्पर्श. दादाला वाटलं, चला, सुटलो. तो उठला आणि बाहेरच्या खोलीत क्रिकेटची मॅच बघायला गेला.

पाच मिनिटांत परातीचा आवाज थांबला. लहान मूल असलेल्या घरात अचानक शांतता झाली, की समजावं काहीतरी घडलंय! दादा आत आला तर छकुली नाकावर बोट ठेवून म्हणाली, “दादा, हरभरा घरात गेला.”

घर म्हणजे तिचं नाक!

मग काय, एकच धावपळ. दादाने बोट घालून हरभरा काढायचा प्रयत्न केला, तो आणखी आत सरकला. आजी म्हणाल्या, नाकात पाणी सोडा. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून मी खाली गेले होते. मी म्हटलं, “आता कुणी काही घालू नका आणि काही ओतूही नका. आधी डॉक्टरकडे चला.” कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आईच्या मांडीवरच छकुलीला धरायला सांगितलं आणि एका बारीक आकड्याने हरभरा अलगद बाहेर ओढला. मिनिटभराचं काम. पण ते म्हणाले, “लगेच आलात ते बरं झालं. कडधान्य ओलाव्याने फुगतं. उशीर झाला असता, तर काढायला त्रास झाला असता.”

मुलांनो, ही गंमत नीट लक्षात घ्या. कोरड्या दाण्याच्या कडेला एक छोटीशी खूण असते. शेंगेत असताना दाणा तिथे जोडलेला असतो. भिजत घातला की तिथून आणि सालातून पाणी आत शिरतं आणि रात्रभरात दाण्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. पातेल्यात हे फुगणं आपल्याला हवंच असतं, त्याशिवाय मोड कसे येतील? पण नाकात नेमकं तेच नको असतं.

त्या रात्री दादाच्या घरातले सगळे डबे सर्वांत वरच्या फळीवर गेले. आजी म्हणाल्या, “अन्नाशी खेळ कसला करायचा? अन्न पूर्णब्रह्म आहे.” दादाला कुणी फारसं रागावलं नाही, पण तो गप्प गप्प झाला. छकुली ‘दादा, खेऊ या’ म्हणत आली, की तो पुस्तक उघडून बसे. दोन दिवसांनी माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “मावशी, मी आता तिच्याशी काही खेळूच नको का?”

मला फार वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, “खेळ चांगलाच होता रे. तू उठून गेलास, एवढंच चुकलं.”

आणि खरंच, दाण्यांशी खेळणं ही काही आजची टूम नाही. ताराबाई मोडक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. बाई मारिया माँटेसरींची शिक्षणाची साधनं सुंदर, पण महाग. ती खेड्यात कुठून आणायची? मग या दोघींनी आसपासच्याच वस्तू घेतल्या. बिया, खडे, शंख-शिंपले, पानं. ओतणं, निवडणं, मोजणं, सारखे वेगळे करणं, हे सगळं मुलं त्यातूनच शिकली. चिमटीत दाणा धरता धरता पुढे पेन्सिल धरायची तयारीही होते बरं का!

आजींचं म्हणणंही खोटं नव्हतं. अन्न वाया घालवायचं नाहीच. म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे दादा, आजी आणि मी, मिळून नियम केले. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

पहिला नियम : मोठं माणूस किंवा मोठं भावंड शेजारी बसलेलंच हवं. फोन आला, दारावरची बेल वाजली, तर आधी परात उचलायची, मग उठायचं.

दुसरा : तीन वर्षांच्या आतल्या बाळाला सुटे दाणे द्यायचेच नाहीत. त्या वयात हातातली वस्तू तोंडात जाणारच. दाणा श्वासनळीत अडकू शकतो.

तिसरा : राजमा आणि घेवडा खेळायला घ्यायचा नाही. कच्चा चावला तर उलट्या होतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया तर विषारीच, त्या घरात खेळायला आणायच्याच नाहीत.

चौथा : सुरुवातीला मोजून घ्यायचे, शेवटी मोजून ठेवायचे. पन्नास दाणे दिले आणि एकोणपन्नास परत आले, तर पन्नासावा सापडल्याशिवाय जागचं हलायचं नाही. जमिनीवर सांडलेले दाणे खेळाच्या डब्यात, पातेल्यात नाही.

आणि तरीही कधी दाणा नाका-कानात गेलाच, तर बोट, पिन, पाणी, तेल काही नाही. सरळ डॉक्टर. घशात अडकला आणि बाळ जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. पण खोकता येईना, आवाज फुटेना, तर ओरडून मोठ्यांना बोलवा. बाळाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच वेळा जोरात थापटायचं असतं. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा.

झाली भीतीची गोष्ट. आता खेळ!

अगदी लहानांसाठी खुळखुळे करा. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्या धुऊन पूर्ण वाळवा. एकीत मसूर, एकीत मूग, एकीत हरभरे घाला. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. मसूर सळसळतो, हरभरा खडखडतो. भोकं पडलेली, भुंगा लागलेली कडधान्यं उन्हात खडखडीत वाळवून इथे वापरा, म्हणजे आजीही खूश. बाळाला चिवडायलाच हवं असेल, तर मऊ शिजवून निववलेले मूग ताटलीत द्या. चिवडेल, लपालपा खाईल, फारच झालं तर डोक्याला फासेल!

तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी परात, वाट्या, पळी आणि चाळणी. चाळणीतून मूग खाली पडतात, हरभरे वर राहतात, ही जादू छकुलीला दहादा बघायची असते.

आणि तुमच्यासाठी? डोळे बांधून, नुसत्या बोटांनी कडधान्य ओळखायचं. हरभऱ्याला चोच असते. मटकी आणि मूग मात्र भल्याभल्यांना चकवतात. मार्केट यार्डात गेलात तर बघा, व्यापारीसुद्धा पोत्यातला नमुना तळहातावर घेऊन बोटांनी चाचपतात. तुमच्या स्पर्धेत वाघ्या घेवडासुद्धा ठेवा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा हा घेवडा इतका नावाजलेला, की त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. गंमत म्हणजे घेवड्याचे पूर्वज अमेरिकेतले आणि चवळीचे आफ्रिकेतले. आता दोघंही आपल्याच घरचे झालेत!

पण सगळ्यांत बहारदार खेळ आम्ही रविवारसाठी राखून ठेवला होता. वाल सोलायचा.

शुक्रवारी रात्री दादाने दोन वाट्या कडवे वाल भरपूर पाण्यात भिजत घातले. शनिवारी सकाळी पाणी फेकून, धुऊन, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवले. फुगलेच नाहीत, टणकच राहिले, ते गणंग. ते शिजत नाहीत, म्हणून वेचून काढले. रविवारी सकाळी पुरचुंडी सोडली, तर प्रत्येक वालाला पांढरी शेपटी! मग ते कोमट पाण्यात टाकले आणि सगळे परातीभोवती बसलो. छकुली आजींच्या मांडीवर. वाल चिमटीत धरून दाबला, की सुळकन साल सुटतं आणि आतली डाळिंबी उडी मारते. पहिली डाळिंबी दादाच्या चष्म्यावर! छकुली खदखदून हसली. दादाही हसला, आणि त्या हरभऱ्यानंतर मी त्याला प्रथमच हसताना पाहिलं.

आता उसळ. गॅसपाशी मोठं माणूस हवंच. कढईत दोन-तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. त्यावर डाळिंब्या घालून हलकेच परता. बुडतील इतकं गरम पाणी घाला आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा. सारखं ढवळू नका, डाळिंब्या मोडतात. बोटाने दाबून बघा, मऊ झाल्या की मीठ, दोन-तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. इथे थांबून धाकट्याची वाटी वेगळी काढा आणि त्यातल्या डाळिंब्या पळीने ठेचून मऊ भातात कालवा. मग उरलेल्यांत तिखट आणि गोडा मसाला, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. चार-पाच जणांना पुरते. राजम्याची उसळ करायची असेल, तर तो रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात चांगला खळखळून, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. अर्धवट शिजलेला राजमा बाधतो.

त्या दिवशी पानावर बसल्यावर छकुली प्रत्येकाला सांगत होती, “ही मी शोल्ली!” आजींनी दोनदा उसळ वाढून घेतली. म्हणाल्या, “असा खेळ असेल तर माझी हरकत नाही बाई. खेळून झालं, पोटातही गेलं.”

डबे पुन्हा खालच्या फळीवर आलेत. त्यांच्या झाकणावर दादाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : ‘उघडण्यापूर्वी दादाला बोलवा.’ छकुलीला वाचता येत नाही. पण ती डबा बघितला, की मोठ्याने हाक मारते, “दादाऽऽ!” आणि तो मॅच सोडून येतो.

तुमच्याकडे धाकट्याबरोबर काय खेळता, कोणती उसळ करता, ते मला जरूर कळवा. आणि हो, दाणे मोजायला विसरू नका हं!

तुमची,
मावशी